पुसून टाकण्याची घाई

मोबाइल अडखळू लागला की ‘कॅशे साफ करा’ हा सल्ला आता घरोघरी ठाऊक झाला आहे. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्या जगातही हाच सल्ला चालतो, फक्त तिथे तो अधिक अधिकारवाणीने दिला जातो. बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्याची प्रक्रिया, अडला, कम्पायलर एक सांगतो आणि कॅशे दुसरेच, असा गोंधळ झाला की उत्तर ठरलेले: बिल्डचे फोल्डर उडवा, कॅशे पुसा, पहिल्यापासून सुरू करा. बहुतेक वेळा काम होऊनही जाते, त्यामुळे या सल्ल्याविरुद्ध बोलणाऱ्याची बाजू सुरुवातीलाच लंगडी पडते. तरीही ती मांडायला हवी. कम्पायलर आणि कॅशे यांच्यात तंटा होतो तेव्हा एवढे तरी नक्की कळते, की एकाच गोष्टीबद्दल यंत्राच्या दोन भागांची दोन वेगळी मते आहेत. त्यातले कोणते खरे आणि दुसरे खोटे कधीपासून झाले, याचा पुरावा त्याच कॅशेत असतो. तो न वाचता पुसला तर तंटा मिटतो, पण कारण जागच्या जागी राहते. हे सारे ज्या सॉफ्टवेअरच्या पोटात घडते ते बँकेपासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे चालते, म्हणून हा विषय त्या क्षेत्रातल्यांनी आपसात उरकून टाकण्याचा राहिलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रोग्रामर लिहितो तो मजकूर यंत्राला थेट कळत नाही. कम्पायलर नावाचा प्रोग्राम त्याचे यंत्राला कळेल असे रूप तयार करतो. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये अशा मजकुराच्या हजारो फाइली असतात आणि साध्या लॅपटॉपवर हे काम तासाच्या पुढेही जाऊ शकते. त्याआधी आणखी एक टप्पा असतो, कॉन्फिगर करण्याचा. या यंत्रावर कम्पायलर कोणता, त्याची आवृत्ती कोणती, अमुक लायब्ररी आहे का, तमुक सुविधा चालते का, असे कितीतरी प्रश्न त्यात विचारले जातात. विचारण्याची पद्धत मोठी गमतीची आहे. चार ओळींचा एक चिमुकला प्रोग्राम जागच्या जागी लिहायचा आणि तो कम्पाइल होतो का ते पाहायचे. झाला तर उत्तर ‘हो’, नाही झाला तर ‘नाही’. का नाही झाला, याची चौकशी सहसा होत नाही. पुढची बरीचशी भांडणे इथेच जन्म घेतात.

वेळ वाचावा म्हणून यातला प्रत्येक टप्पा आपापली आठवण, एका अर्थी आपला कॅशे, ठेवू लागला, आणि तीही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांच्या हातून, एकमेकांना फारसे न विचारता. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिला. त्याची आठवण म्हणजे फाइलींवरच्या तारखा आणि वेळा. मूळ फाइल तयार मालापेक्षा नवी असेल तर पुन्हा कम्पाइल करा, नसेल तर हात लावू नका. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ सुरू केला आणि पुढे त्यात कॉन्फिगरच्या प्रश्नांची उत्तरे एका फाइलीत साठवण्याची सोय आली. २००० च्या आसपास अमेरिकेतल्या किटवेअर कंपनीत ‘सीमेक’ आकाराला आला. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या ‘आयटीके’ या प्रकल्पाला निरनिराळ्या यंत्रांवर चालेल अशी बिल्डव्यवस्था हवी होती, आणि त्यामागे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा पैसा होता. सीमेक आपली आठवण एका साध्या, कोणालाही उघडून वाचता येईल अशा मजकूर फाइलीत ठेवतो. २००२ मध्ये सांबा आणि आरसिंक या प्रोग्राममुळे नावाजलेले ऑस्ट्रेलियन प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सीसीकॅशे’ आणला. कल्पना एरिक थीले यांच्या आधीच्या ‘कम्पायलरकॅशे’वरून घेतलेली. सीसीकॅशे बिल्ड आणि कम्पायलर यांच्या मध्ये बसतो. मूळ मजकूर, त्याला जोडलेल्या हेडर फाइली, कम्पायलरला दिलेले पर्याय आणि खुद्द कम्पायलरची ओळख या सगळ्यांचा मिळून एक ठसा काढतो. हा ठसा आधी पाहिलेला असेल तर कम्पायलरला न उठवता जुना निकाल हातात ठेवतो. दिवसातून दहादा तेच सॉफ्टवेअर बांधणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

जमिनीचा व्यवहार करणाऱ्याला यातली मेख चटकन समजेल. सातबाऱ्यावर नुसते नाव नसते. ते नाव कोणत्या फेरफाराने लागले त्याचा क्रमांकही तिथे असतो. म्हणूनच नावाबद्दल शंका आली तर कोणी उतारा फाडत नाही, फेरफार काढून पाहतो. मेकपासून सीसीकॅशेपर्यंतच्या सगळ्या आठवणींना हाच प्रश्न विचारायला हवा: निकाल लक्षात ठेवलास ते ठीक, पण तो कशाच्या आधारावर होता, हे लिहून ठेवलेस का? जिथे आधार लिहिलेला असतो तिथला तंटा पाच मिनिटांत सुटतो. जिथे नसतो तिथे पुसण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटू लागते.

सगळ्यात नेहमीचे उदाहरण घेऊ. सॉफ्टवेअर बसवताना कोणी तरी बिल्डची आज्ञा प्रशासकाच्या, म्हणजे ‘रूट’च्या, अधिकाराने देतो. काही व्यवस्थांत अशा वेळी त्या माणसाच्याच कॅशेच्या फोल्डरात फाइली लिहिल्या जातात, पण त्यांची मालकी रूटकडे जाते. पुढे तोच माणूस आपल्या साध्या अधिकाराने दुसरा प्रकल्प कॉन्फिगर करायला घेतो. सीसीकॅशेला स्वतःच्या फोल्डरात लिहिता येत नाही, तो एरर देऊन थांबतो, चिमुकला प्रोग्राम कम्पाइल होत नाही, आणि कॉन्फिगर जाहीर करते की या यंत्रावरचा सी कम्पायलर चालणारा प्रोग्राम तयार करू शकत नाही. कम्पायलर ठणठणीत असतो. दोष असतो एका फोल्डरच्या परवानगीत. आता माणूस काय करतो? कम्पायलर काढून पुन्हा बसवतो, फरक पडत नाही. बिल्डचे फोल्डर उडवतो, फरक पडत नाही, कारण बिघडलेला कॅशे त्या फोल्डरात नसतोच. अखेर रूट होऊन सगळा कॅशे पुसतो आणि काम चालू होते. पुन्हा कधी तरी रूटच्या अधिकाराने काही बसवले जाते आणि तीच कथा पहिल्यापासून. ‘परवानगी नाही’ ही खरी ओळ कॉन्फिगरने लिहून ठेवलेल्या लॉग फाइलीत पहिल्या दिवसापासून होती. एररच्या शेवटी ‘अधिक माहितीसाठी लॉग पाहा’ असेही छापलेले होते. ती ओळ वाचणाऱ्याला पुसावे काहीच लागत नाही, मालकी बदलली की झाले.

दुसरे उदाहरण जास्त चोरट्या जातीचे आहे. सीमेकमधली अशी चिमुकली चाचणी एकदा फसली की ‘नाही’ हे उत्तरही कॅशेत जाते. चाचणी फसण्याचे कारण हंगामी असू शकते: डिस्क भरली होती, कम्पायलरला चुकीचा पर्याय दिला गेला होता, लागणारी हेडर फाइल तेव्हा बसवलेली नव्हती. नंतर ती उणीव भरून निघाली तरी सीमेक तो प्रश्न पुन्हा विचारत नाही; ‘नाही’ लक्षात आहे, मग विचारायचे कशाला? बिल्ड मात्र अडत नाही, सुरळीत पूर्ण होतो. फक्त ती सुविधा वगळून. कोणाला कळतही नाही.

अशा मुक्या ‘नाही’ने काय होऊ शकते याचा दाखला २०२४ मध्ये मिळाला. जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असलेल्या ‘एक्सझेड’ या फाइली लहान करणाऱ्या साधनात कोणी तरी मागचा दरवाजा बसवल्याचे प्रोग्रामर अँड्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी उघड केले. दूरस्थ लॉगिनला अर्ध्या सेकंदाइतका जास्त वेळ का लागतो, या कुतूहलातून ते तिथवर पोचले होते. दरवाजा उघडणारी कडी प्रकल्पाच्या सर्वांसमोर असलेल्या मूळ भांडारात नव्हती. वाटपासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात, कॉन्फिगरच्या टप्प्यावर चालणाऱ्या एका फाइलीत ती होती. तिथे कोणी डोकावत नाही हे करणाऱ्याला पक्के ठाऊक असणार. त्याच प्रकल्पात आणखी एक करामत नंतर सापडली. लिनक्समधली ‘लँडलॉक’ ही सुरक्षेची सोय यंत्रावर आहे की नाही हे पाहणाऱ्या सीमेकच्या चाचणीत एक सुटा पूर्णविराम घुसवलेला होता. त्या एका टिंबामुळे चिमुकला प्रोग्राम कधीच कम्पाइल होणार नव्हता, उत्तर कायम ‘नाही’ येणार होते, आणि सीमेकने बांधलेल्या आवृत्तीतून सुरक्षेची ती सोय गुपचूप गळणार होती. इथे कॅशेचा दोष नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे. पण कॉन्फिगरचा ‘नाही’ कोणी वाचत नाही, त्याचे कारण कोणी विचारत नाही, ही सवय दोन्हीकडे एकच आहे. बिल्ड फसला की डोळे मिटून पुसायचे आणि जमला की डोळे मिटून पुढे जायचे, अशा वातावरणात टिंब लपते.

कम्पायलर बदलण्याचा प्रसंग पाहिला तर आधार लिहिण्या-न लिहिण्याचा फरक आणखी ठळक दिसतो. समजा, आधी जीसीसी हा कम्पायलर वापरून कॉन्फिगर केलेले फोल्डर आहे आणि आता क्लँग हा दुसरा वापरायचा आहे. पर्यावरणातली, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना यंत्राकडून त्याला मिळणाऱ्या मूल्यांतली, कम्पायलरची सेटिंग बदलून सीमेक पुन्हा चालवला तर तो तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. ती सेटिंग तो पहिल्या खेपेलाच वाचतो, नंतर कॅशेतले नाव प्रमाण मानतो. थेट आज्ञेतून नवे नाव दिले तर सांगतो, की तुम्ही बदललेल्या गोष्टीसाठी कॅशे पुसणे भाग आहे, कॉन्फिगर पुन्हा चालवले जाईल, आणि काही पर्याय तुम्हाला पुन्हा द्यावे लागतील. ही शेवटची सूचना महत्त्वाची असते, आणि धावत्या मजकुराच्या शेकडो ओळींत तीच सगळ्यात सहज नजरेतून निसटते. आधी कोणी सुरक्षा कडक करणारे पर्याय दिले असतील तर नव्या बिल्डमध्ये ते आहेत की नाहीत, हे कोणी मुद्दाम पाहिले तरच कळणार.

ऑटोकॉन्फचे वागणे याच्या अगदी उलटे आहे, आणि वयाने तो मोठा असला तरी या बाबतीत जास्त शहाणा आहे असे माझे मत आहे. एक तर उत्तरे साठवणारी त्याची फाइल आपोआप वापरली जात नाही. ती मागावी लागते. शिळ्या आठवणी नकळत वापरल्या जाऊन घोटाळे होतात, म्हणून हे असे, असे त्याच्या पुस्तिकेतच म्हटले आहे. दुसरे म्हणजे कम्पायलरसारख्या काही सेटिंगना तो ‘मौल्यवान’ मानतो. ती फाइल वापरात असताना मागच्या खेपेपासून त्यातली एखादी बदलली असेल तर पुढे जायलाच नकार देतो, आणि नकार देताना आधीचे मूल्य काय होते व आताचे काय आहे, हे दोन ओळींत समोरासमोर मांडतो. पर्यावरणातल्या बदलामुळे बिल्ड धोक्यात येऊ शकतो, जुनी फाइल काढून पुन्हा सुरुवात करा, असा सल्लाही देतो. सल्ला पुसण्याचाच आहे, पण कारण सांगून दिलेला. असा निरोप वाचणारा माणूस पुसतो तेव्हा आपण काय पुसतो आहोत आणि कशासाठी, हे त्याला माहीत असते. माझा आक्षेप पुसण्याला नाही, आंधळेपणाने पुसण्याला आहे.

सीसीकॅशेपुढचा प्रश्न याहून नाजूक आहे: कम्पायलर तोच आहे हे ओळखायचे कसे? प्रत्येक वेळी कम्पायलरची अख्खी फाइल वाचून ठसा काढला तर खात्री जास्त, पण वेळ जातो. म्हणून मुळात तो फक्त त्या फाइलीच्या बदलाची वेळ आणि आकार पाहतो. बहुतेक यंत्रांवर एवढे पुरते. पण समजा ‘जीसीसी’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट आहे आणि तीच खऱ्या कम्पायलरला बोलावते. खरा कम्पायलर बदलला तरी स्क्रिप्टची वेळ आणि आकार तेच राहतात; सीसीकॅशेला काहीच कळत नाही आणि जुन्या कम्पायलरचा निकाल नव्याच्या नावावर खपतो. ‘निक्स’सारख्या पॅकेज बसवणाऱ्या व्यवस्थेत तर साठ्यातल्या सगळ्याच फाइलींवर १ जानेवारी १९७० ची तारीख असते, म्हणजे वेळ पाहण्याला अर्थच उरत नाही. अशा ठिकाणी अख्खा मजकूर तपासण्याची किंवा आवृत्ती विचारणारी आज्ञा चालवून पाहण्याची सोय सीसीकॅशेत आहे. ती वापरावी लागेल हे ज्याला ठाऊक आहे तो सुटतो. इतरांचा कॅशे आठवड्यातून एकदा ‘बिघडतो’ आणि ते तो पुसत राहतात. दुसरा नेहमीचा घोळ दुहेरी गुंडाळणीचा. सीसीकॅशे वापरण्याचे दोन मार्ग आहेत. कम्पायलरच्या नावाआड त्याला लपवायचे, किंवा बिल्डला उघडपणे सांगायचे की कम्पायलरच्या आधी याला बोलाव. एका सहकाऱ्याने पहिला मार्ग धरला आणि प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये कोणी दुसरा लिहून ठेवला, की सीसीकॅशे कम्पायलर समजून स्वतःलाच हाक मारू शकतो. अशा वेळी तो तक्रार करून थांबतो, आणि ते बरेच करतो. इथे कॅशे कितीही वेळा पुसा, तंटा मिटणार नाही.

मग करायचे काय? फार काही नाही, आणि क्रमही ओबडधोबड चालतो. एका खेपेपुरता सीसीकॅशे बंद करून बिल्ड चालवावा. त्याच्यासाठी एक साधी सेटिंग पुरते आणि कॅशेतले काही जात नाही. दोष तसाच राहिला तर संशयित दुसरीकडे आहे. दोष गेला तर सीसीकॅशेला त्याच्या सगळ्या सेटिंग विचाराव्यात. तो प्रत्येक सेटिंगसमोर ती कुठून आली हेही छापतो, मूळची की पर्यावरणातून की अमुक फाइलीतून. माझ्या मते या साधनातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. सीमेकच्या बाबतीत कॅशेची मजकूर फाइल उघडून कम्पायलरच्या ओळीवर कोणता पत्ता आहे तो पाहावा. चुकलेला एखादाच ‘नाही’ असेल तर तेवढी एक नोंद काढता येते. सगळी फाइल उडवावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा. अभियंत्याचा तास महाग, यंत्राचा स्वस्त. वीस मिनिटे लॉग वाचण्यापेक्षा पुसून चहाला गेलेले काय वाईट? एकट्या माणसाच्या एकाच प्रसंगापुरता हा हिशेब बरोबर आहे, आणि घाईच्या दिवशी कोणीही तेच करील. पण तंटा क्वचित एकदाच होतो. पुण्यात हिंजवडीत किंवा बंगळुरूत एकाच प्रकल्पावर शंभर माणसे काम करत असतील तर त्याच चुकीच्या परवानगीने किंवा त्याच दुहेरी गुंडाळणीने प्रत्येक जण आपापल्या वेळी अडतो, प्रत्येक जण आपापला कॅशे पुसतो, आणि पुढच्या पूर्ण बिल्डची वाट पाहतो. वीस मिनिटे एकाने दिली असती तर नव्याण्णवांची सुटली असती. आणि ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे, मोजका डेटा आहे, त्या विद्यार्थ्यासाठी ‘पहिल्यापासून सुरू करा’ हा सल्ला स्वस्त नसतोच. कित्येकदा तो अख्खी संध्याकाळ घेतो. गंमत अशी, की संगणक अभियांत्रिकीत कम्पायलरची रचना हा स्वतंत्र विषय असतो, पण बिल्ड कसा चालतो आणि कसा फसतो हे ज्याने त्याने वाटेत उचलायचे असते. अमेरिकेतल्या एमआयटीत २०२० मध्ये अशा न शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींचा एक छोटा अभ्यासक्रम तिथल्याच मंडळींनी चालवला आणि त्यात बिल्डव्यवस्थेला जागा दिली. एवढ्या नामांकित संस्थेलाही तशी गरज वाटली, यावरून उणीव किती सार्वत्रिक आहे ते कळते.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा आहे: आता प्रत्येक बिल्ड कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे नव्याने उभ्या केलेल्या बंदिस्त जागेत, होतो, मागची आठवण येतेच कुठून? येते. असे कंटेनर तयार करणारा ‘डॉकर’ स्वतःच थरांचा कॅशे ठेवतो. पॅकेजांची यादी ताजी करण्याची आज्ञा एका थरात आणि पॅकेज बसवण्याची दुसऱ्या थरात लिहिली, तर पुढे नवे पॅकेज जोडताना पहिला थर जुन्या यादीसकट तसाच उचलला जातो आणि शिळी आवृत्ती बसते, किंवा काहीच सापडत नाही. डॉकरच्या मार्गदर्शिकेतच दोन्ही आज्ञा एकत्र लिहा असे म्हणूनच सांगितले आहे. कोरी पाटी म्हणून जिची जाहिरात होते तीही पूर्ण कोरी नसते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गूगलने २०१५ मध्ये खुला केलेला ‘बेझल’, किंवा ईल्को डॉल्स्ट्रा यांच्या संशोधनातून उभा राहिलेला ‘निक्स’, यांनी हा प्रश्न मुळातूनच सोडवला आहे असे त्यांचे चाहते सांगतात. निकाल ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या सगळ्या आधी जाहीर करा, त्यांचा ठसा घ्या, ठसा जुळला तरच जुना निकाल द्या. तत्त्व बिनचूक आहे, आणि आधार लिहून ठेवण्याचाच तो सगळ्यात कडक प्रकार आहे. पण बेझलची स्वतःची पुस्तिका काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. कार्यक्षेत्राबाहेरच्या, म्हणजे यंत्रावर आधीच बसवलेल्या, साधनांवर बेझल लक्ष ठेवत नाही. दोन जणांच्या यंत्रांवर वेगवेगळे कम्पायलर असले आणि ते सामायिक कॅशे वापरत असले, तर एकाचा निकाल दुसऱ्याला चुकीने मिळू शकतो, असा इशारा तिथे छापलेला आहे. म्हणजे पोलादी कुंपण घालूनही कम्पायलर कुंपणाबाहेर राहिला तर तंटा तोच. सीसीकॅशेही आपली मर्यादा अशीच उघडपणे लिहितो: हेडर शोधण्याच्या वाटेवर आधीच्या एखाद्या फोल्डरात त्याच नावाची नवी फाइल येऊन बसली, तर त्याच्या ‘थेट’ (डायरेक्ट) पद्धतीत ती त्याच्या लक्षात न येण्याची शक्यता आहे. चांगल्या साधनांच्या पुस्तिकेत हा असा भाग असतो आणि तो कोणी वाचत नाही. शिवाय लहान प्रकल्पांना, एकट्यादुकट्याने चालवलेल्या मुक्त सॉफ्टवेअरला, बेझल किंवा निक्सकडे वळणे परवडत नाही. जगाचा बराचसा पाया अजून ऑटोकॉन्फ, सीमेक आणि मेक यांच्यावरच उभा आहे आणि बराच काळ राहील.

राहिला तो साधने बनवणाऱ्यांचा वाटा, आणि इथे माझी तक्रार नेमकी आहे. सीमेकने चांगली सुधारणा केली आहे. २०२३ च्या ३.२६ या आवृत्तीपासून कॉन्फिगरच्या वेळी झालेल्या चाचण्यांची सविस्तर नोंद एका फाइलीत ठेवली जाते. कोणता चिमुकला प्रोग्राम कोणत्या आज्ञेने कम्पाइल करून पाहिला आणि कम्पायलर काय म्हणाला, हे सगळे त्यात सापडते. मुक्या ‘नाही’ला तोंड फुटले म्हणायचे. पण त्याच्या आदल्या वर्षी, ३.२४ मध्ये, याच सीमेकने सगळे ताजे करून कॉन्फिगर करण्याचा एक पर्याय दिला होता, आणि तो पर्याय कॅशेची फाइल व तिच्या जोडीचे फोल्डर दोन्ही पुसतो. नवी नोंदवही नेमकी त्याच फोल्डरात ठेवलेली आहे. म्हणजे बिल्ड फसल्यावर माणूस जो उपाय सगळ्यात आधी करतो, त्या उपायाच्या पहिल्याच झटक्यात तो का फसला हे सांगणारी फाइल जाते. ताजे करण्याआधी जुने फोल्डर तारीख घालून बाजूला ठेवायला फार तर दोन-चार मेगाबाइट जागा लागेल, आणि नव्या कॉन्फिगरनंतर जुन्या-नव्या उत्तरांतला फरक चार ओळींत छापता येईल. ऑटोकॉन्फ कम्पायलरच्या बाबतीत आधीचे आणि आताचे मूल्य शेजारी शेजारी दाखवतो तसेच, फक्त सगळ्या उत्तरांसाठी.